ज्याचे बोल, त्याचे नाव

मेलबर्न शहराच्या आग्नेयेला ग्लेन वेव्हर्ली हे उपनगर आहे. तेथून मोटारीने थोड्याच मिनिटांत क्लेटन लागते. क्लेटन येथे मोनॅश विद्यापीठाचे मुख्य आवार आहे. १९५८ साली कायद्याने स्थापन झालेल्या आणि १९६१ साली वर्ग सुरू केलेल्या ह्या विद्यापीठाला सर जॉन मोनॅश ह्यांचे नाव दिलेले आहे. १९१८ साली पश्चिम आघाडीवर ऑस्ट्रेलियन सैन्याचे नेतृत्व करणारा हा सेनापती व स्थापत्य अभियंता यहुदी होता. त्यामुळे ह्या भागात येऊन स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांना ह्या विद्यापीठाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटावी हे साहजिक आहे.

ह्याच विद्यापीठाचे कुलगुरू प्रा. डेव्हिड रॉबिन्सन ह्यांना जुलै २००२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. कारण पैशाच्या अफरातफरीचे नव्हते, की राजकारणाचेही नव्हते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये असताना, मद्यपानाच्या सामाजिक प्रश्नावर त्यांनी जे लेखन केले होते, त्यात इतर अभ्यासकांचा मजकूर त्यांचे नाव न सांगता घेतलेला आढळला होता. एवढ्यावरून एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली.

आपल्यापैकी पुष्कळांना ही शिक्षा फार कडक वाटेल. जुने पुस्तक, जुनी गोष्ट, ती आता कशाला उकरून काढायची, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलाला दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिल्याबद्दल गुण गमवावे लागतात, तेथल्या कुलगुरूला निराळा न्याय कसा लावणार? नियम मोडणारा मोठा असला म्हणून नियम लहान होत नाही.

तथापि हा लेख विद्यापीठांविषयी नाही. आपल्या मुलांना शाळा-कॉलेजात हे धडे मिळतच आहेत. व्हिक्टोरिया राज्यातल्या बारावीच्या मुलाने घरी लिहून आणलेल्या निबंधात जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याच्या नावावर दाखवले आहे आणि बाकीचे त्याचे स्वतःचे आहे, ह्याबद्दल शिक्षकाची खात्री पटावी लागते. मला लिहायचे आहे ते मुलांच्या निबंधांविषयी नाही, वडीलधाऱ्यांच्या लेखांविषयी. म्हणजे आपल्या समाजाच्या मासिकांत, सिनेगॉगच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकांत, सत्कार-समारंभांच्या पुस्तिकांत आणि भाषणांत जे मराठी लेखन येते त्याविषयी. ह्या लेखनात प्रेम आहे, तळमळ आहे, आणि पदरमोड करून ते छापणाऱ्यांचे कष्ट आहेत. त्यात एक उणीवही आहे. आपण काय म्हणतो ते आपण सांगतो, पण ते कोणाकडून घेतले ते सांगत नाही.

उदाहरण अगदी घरचे घेऊ. आपल्या समाजाच्या इतिहासावरचा कोणताही लेख उघडा. पूर्वज गलीलातून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तेथेच पुरले, जवळचे ग्रंथ बुडाले, फक्त 'शमा'ची प्रार्थना तेवढी लक्षात राहिली, पुढे तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' हे नाव पडले. त्यापुढे डेव्हिड राहबी येतात. सणांची जुनी नावे येतात : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. हा क्रम इतका ठरलेला आहे की पहिले वाक्य वाचले की पुढचे दहा पाठ म्हणता यावेत. लेखाच्या शेवटी लेखकाचे नाव असते. मात्र ही माहिती त्या लेखकाला कोठून मिळाली ते क्वचितच लिहिलेले असते.

ह्यातील पुष्कळशी माहिती ज्या एका ग्रंथातून वाहत आली, तो म्हणजे हाईम शमुएल केहीमकर ह्यांचा 'द हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया'. १८७५ साली मुंबईत सुरू झालेल्या इस्राएली शाळेच्या संस्थापकांपैकी हे गृहस्थ. त्यांनी हा ग्रंथ १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे, डॉ. इम्मान्युएल ओल्स्वँगर ह्यांच्या संपादनाखाली. मध्ये चाळीस वर्षे गेली. लेखकाला आपले पुस्तक पाहायला मिळाले नाही. समाजात तोंडी चालत आलेली परंपरा लिहून ठेवणारा, चालीरीतींची नोंद करणारा आणि त्यांवरून इतिहासाचा तर्क लढवणारा हा माणूस होता. आज आपण त्यांचे कष्ट घेतो आणि त्यांचे नाव गाळतो. हा अन्याय आहे, ही पहिली गोष्ट.

पण अन्यायापेक्षा मोठे नुकसान निराळेच आहे. ते केहीमकरांचे होत नाही, आपले होते.

आपले पूर्वज इ.स. पूर्व १७५ च्या सुमारास, अँटिओकस एपिफेनीस ह्या राजाच्या छळाच्या काळात निघाले, असे मत केहीमकरांनी मांडले. हे मत आहे, नोंद नव्हे. त्याला आधार तर्काचा आहे. हनुक्का हा सण आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता. म्हणजे तो सण ज्या घटनांमुळे सुरू झाला त्या घडण्यापूर्वीच ते निघाले असावेत, असे ह्या मताच्या बाजूने सांगतात. तर्क चांगला आहे. पण त्यावर प्रश्न विचारता येतात. शेकडो वर्षे इतर यहुद्यांपासून तुटून राहिलेला समाज एखादा सण विसरूही शकतो. म्हणूनच दुसऱ्या अभ्यासकांनी दुसरी मते दिली आहेत. कोणी ह्याहून पूर्वीचा काळ धरतात, कोणी यरुशलेमचे दुसरे मंदिर पडल्यानंतरचा, तर कोणी पाचव्या-सहाव्या शतकात येमेन किंवा इराणकडून पूर्वज आले असे मानतात.

आता पाहा काय होते. पहिला लेखक केहीमकरांचे पुस्तक वाचतो आणि 'केहीमकरांच्या मते' हे दोन शब्द सोडून देतो. दुसरा पहिल्याचा लेख वाचतो, तिसरा दुसऱ्याचा. वीस वर्षांत वीस लेख होतात आणि प्रत्येकात 'इ.स. पूर्व १७५' हे साल ठळकपणे असते. वाचकाला वाटते, वीस जण एकच सांगतात त्या अर्थी ते खरेच असले पाहिजे. वस्तुतः बोलणारा एकच आहे. बाकीचे एकोणीस त्याचा प्रतिध्वनी आहेत. कोणत्याही आरोपाचा निवाडा एका साक्षीदारावर करू नये, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, असा तोराचा दंडक आहे. तो अनुवादाच्या पुस्तकात आहे. एकच साक्षीदार वीस वेळा वेगवेगळ्या टोप्या घालून उभा राहिला तर न्यायाधीशाने काय करावे? संदर्भ न देता केलेली नक्कल हेच करते. ती साक्ष वाढवीत नाही, फक्त साक्षीदारांची मोजदाद खोटी करते.

डेव्हिड राहबींचेही तसेच. केहीमकर त्यांना सुमारे इ.स. १००० च्या काळात ठेवतात. दुसरे अभ्यासक म्हणतात की हे अठराव्या शतकातले, कोचीनच्या प्रसिद्ध राहबी घराण्यातले गृहस्थ असावेत. ह्या दोन मतांत जवळजवळ आठशे वर्षांचे अंतर आहे! नाव न सांगता दोन्हींकडून उचलले की वाक्य तयार होते : 'हजार वर्षांपूर्वी कोचीनच्या राहबी घराण्यातील डेव्हिड ह्यांनी आपल्याला धर्म शिकवला.' हे वाक्य कोणाचेच नाही. केहीमकरांनी ते लिहिले नाही, त्यांच्या विरोधकांनीही नाही. दोन वाटांवरून चालू पाहणाऱ्याने मधल्या शेतात घर बांधले, असे हे झाले. दोन मते दोन नावांनिशी दिली असती तर वाचकाला निदान कळले असते की येथे वाद आहे.

आणखी एक उदाहरण घेऊ, कारण ते दुसऱ्या प्रकारचे आहे. रम्बाम, म्हणजे मैमोनिदेस, ह्यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला आहे. शब्बाथ पाळणे आणि आठव्या दिवशी सुंता करणे एवढाच धर्म त्यांच्यापाशी उरला आहे, असा त्याचा आशय. आपल्या लेखांतून हा उल्लेख 'रम्बाम ह्यांनी बेने इस्राएलांविषयी लिहिले आहे' असा येतो. मूळ उल्लेखात बेने इस्राएल हे नाव नाही आणि कोकणही नाही. तो आपल्याविषयी असू शकतो, नसूही शकतो. नाव दिले म्हणजे संदर्भ दिला असे होत नाही. जे पत्र आपण पाहिलेले नाही ते पाहिल्यासारखे उद्धृत करणे हाही लबाडीचाच एक सभ्य प्रकार आहे. 'अमक्यांच्या पुस्तकात रम्बामच्या पत्राचा असा उल्लेख आहे' असे लिहिणे हा सरळ मार्ग. त्याउलट अठराव्या शतकातले पुरावे पाहा. १७३८ साली सार्टोरियस ह्या मिशनऱ्याने आपल्या लोकांचा उल्लेख केला. १७६८ साली कोचीनच्या यहेझ्केल राहबींनी हॉलंडमधील तोबियास बोआस ह्यांना पत्र लिहिले. ह्या नोंदींना साल आहे, लिहिणारा आहे. त्या थोड्या आहेत, पण त्यांवर पाय ठेवून उभे राहता येते.

कोणी म्हणेल, हा सारा पंडितांचा खेळ आहे. संसारी माणसाला त्याचे काय? ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांनी आपल्या घरात ह्याचे उत्तर ऐकलेले असेल. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहासंबंधी सूचना काढल्या. लग्न लावण्यापूर्वी वधूवरांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे त्यांत होते. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी १९६४ साली यरुशलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि त्याच महिन्यात रब्बीमंडळाने त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले. त्या दिवसांत प्रश्न एकच होता : तुम्ही कोण, आणि कशावरून? अशा वेळी 'सर्वांना ठाऊकच आहे' हे उत्तर चालत नाही. जुनी पत्रे, जुने निवाडे, प्रवाशांच्या नोंदी हे दाखवावे लागते. ज्या समाजाला आपला इतिहास एकदा परक्यांपुढे सिद्ध करावा लागला, त्याने तरी मूळ कागदाची किंमत विसरू नये.

धर्माच्या दृष्टीने पाहिले तर हा दंडक आपल्याला क्लेटनहून आणावा लागत नाही. 'पिर्के आवोत'चा आरंभच नावांच्या साखळीने होतो. मोशेला सीनायवर तोरा मिळाली, त्याने ती यहोशवाला दिली, त्याने वडील मंडळींना, त्यांनी संदेष्ट्यांना, ह्या क्रमाने ती पुढे येते. कोणी कोणाकडून घेतले हे आधी, काय घेतले ते मागून. तालमूदाची पाने उघडली तर अमक्याने तमक्याच्या नावाने सांगितले, ही शब्दयोजना जागोजागी भेटते. आवोतच्या सहाव्या अध्यायात तोरा प्राप्त होण्याचे अठ्ठेचाळीस मार्ग मोजले आहेत. त्यांतला शेवटचा हा की ज्याचा बोल त्याच्या नावाने सांगावा. जो असे करतो तो जगात मुक्ती आणतो, असे तेथे पुढे म्हटले आहे. हा सहावा अध्याय मूळ मिश्नातील नाही, मागून जोडलेला आहे. आणि गंमत अशी की ही गोष्टही त्या अध्यायाच्या सुरुवातीच्या शब्दांवरूनच कळते. जोडणाऱ्यांनी सांधा लपवून ठेवला नाही.

त्या वचनाला दाखला दिला आहे तो एस्तेर राणीचा. आपण पुरीमला, म्हणजे आपल्या होळीच्या सणाला, ती कथा दरवर्षी ऐकतो. राजाच्या दोन द्वारपालांनी त्याला मारण्याचा कट केला. तो मर्दखयाला कळला. त्याने तो एस्तेरला सांगितला आणि तिने राजाला सांगताना मर्दखयाचे नाव घेतले. चौकशी झाली, आणि ती हकीकत राजाच्या बखरीत नोंदली गेली. पुढे एका रात्री अहश्वेरोश राजाला झोप येईना, त्याने बखर वाचून घेतली, आणि त्यात मर्दखयाचे नाव निघाले. त्याच वेळी हामान मर्दखयाला फाशी देण्याची परवानगी मागण्यासाठी दाराशी आला होता. एस्तेरने ती बातमी स्वतःची म्हणून सांगितली असती तर राजाची मर्जी तिलाच मिळाली असती आणि बखरीत मर्दखयाचे नाव राहिले नसते. सबंध कथा ह्या एका प्रामाणिक उल्लेखावर वळते.

आपली दुसरी आई म्हणजे मराठी. तिच्या परंपरेतही हा संस्कार आहे. संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. एकनाथ तर आपल्या नावाबरोबर गुरू जनार्दनस्वामींचे नाव गुंफतात, म्हणजे कवितेच्या आतच ऋणनिर्देश झाला. ह्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर नकलाकारांनी त्या ग्रंथात पुष्कळ भेसळ केली होती. एकनाथांनी पाठ शुद्ध केला, साल नोंदवले, आणि ह्यात कोणी आपली ओवी घुसडू नये असे बजावले. स्वतः इतके मोठे कवी असून ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहू दिला. आपल्या समाजात १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तने सुरू झाली, त्यांचा घाट हरिदासी कीर्तनाचा आणि कथा तनाखमधल्या. हे घेणे उघड होते, कोणी लपवले नाही. जुन्या छापील पदांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख करण्याची पद्धत होती. शब्द माझे, पण चाल अमक्या पदाची, हे त्या एका ओळीत कबूल केलेले असे.

तेव्हा घेणे म्हणजे चोरणे नव्हे, हे स्पष्ट करायला हवे. मराठी रंगभूमी तर घेतल्यावाचून उभी राहिलीच नसती. गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून आला, 'संशयकल्लोळ'चे मूळ मोलिएरपर्यंत जाते. पु. ल. देशपांडे ह्यांची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली ती बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. म्हणून देवल लहान झाले नाहीत आणि पु. ल.ही नाहीत. उलट मूळ ठाऊक असल्यामुळेच रूपांतरकाराची करामत कळते. कोठे त्याने मूळ सोडले, कोठे त्याला मराठी मातीतला शब्द सापडला, हे पाहण्यातच रसिकाला आनंद असतो. नाव लपवणारा लेखक ह्या कौतुकालाही मुकतो. कारण त्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याचे किती, हे कोणालाच कळत नाही.

कोकणातच ह्याचा एक विलक्षण नमुना आहे. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेच्या एका प्रसिद्ध रूपात समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आहेत, त्यांना परशुरामाने जिवंत केले. आपल्या कथेत सात पुरुष व सात स्त्रिया, म्हणजे चौदाच जीव समुद्रातून वाचले. अभ्यासकांनी हे साम्य टिपले आहे. कोणी कोणाकडून घेतले, की दोघांनी किनाऱ्यावरच्या एकाच जुन्या गोष्टीतून घेतले? आज सांगता येत नाही, कारण सांगणाऱ्यांची नावे त्या कथांबरोबर आली नाहीत. लेखणी नसलेल्या काळाला ह्याबद्दल दोष देता येणार नाही. आपल्या हातात मात्र लेखणी आहे.

आता तोंडी माहितीविषयी. 'आमच्याजवळ पुस्तके नाहीत, आम्ही आजीकडून ऐकलेले लिहितो, त्याला कसला संदर्भ?' असे पुष्कळजण म्हणतात. आजी हाच संदर्भ. ती कोणत्या गावची, साधारण कोणत्या काळातली, तिने हे कोणाकडून ऐकले, एवढे लिहिले की पुरे. रेवदंड्याच्या आजीचा मलिदा आणि पनवेलच्या आजीचा मलिदा ह्यांत फरक असेल, तर तो फरकच उद्याच्या अभ्यासकाला हवा असतो. 'आपल्या समाजात असे करतात' म्हटले की दोन्ही आज्या पुसल्या जातात. देश सोडून आलेल्या कुटुंबांत तर हे अधिकच खरे. मुंबई-ठाण्यात शंका आली तर शेजारी विचारता येत असे. येथे वडीलधारे माणूस गेले की त्याच्याबरोबर दारच बंद होते.

मात्र हा संदर्भ खरा हवा. ऑस्ट्रेलियात ह्याचे एक कडू उदाहरण घडले आहे. हेलन डेमिडेन्को ह्या नावाने लिहिणाऱ्या तरुण लेखिकेची 'द हँड दॅट साइन्ड द पेपर' ही कादंबरी १९९४ साली निघाली. युक्रेनमधील काही माणसे यहुद्यांच्या संहारात सामील कशी झाली, हा तिचा विषय. आपण युक्रेनियन घराण्यातल्या असून घरच्यांच्या आठवणी सांगत आहोत, असा लेखिकेचा आव होता. १९९५ साली तिला माइल्स फ्रँकलिन हे मानाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झाले की तिचे नाव हेलन डार्व्हिल, आणि आईवडील इंग्लंडहून आलेले. दुसऱ्या लेखकांचा मजकूर घेतल्याचे आरोपही मग झाले. कादंबरीकाराने कल्पना करू नये असे कोणी म्हणत नाही. पण जेथे माणसे खरोखर मेली तेथे खोटी आजी उभी करणे म्हणजे मेलेल्यांच्या साक्षीत ढवळाढवळ करणे होय.

अलीकडे कामाची रीतही बदलली आहे. मोबाइलवर नावाविना फिरत आलेला मजकूर लोक जसाच्या तसा लेखात घालतात. संगणकाला प्रश्न विचारला की तो सफाईदार निबंध लिहून देतो. तो मूळ सांगेलच असे नाही, आणि सांगितलेले मूळ कधी कधी अस्तित्वातच नसते. जुन्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण पाठवताना खाली 'पारंपरिक' असा शिक्का मारतात. रचणारा शोधूनही सापडत नाही तेव्हा 'पारंपरिक' म्हणावे. शोधण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

काहींना वाटते की हा स्वामित्वहक्काच्या कायद्याचा प्रश्न आहे, आणि जुन्या पुस्तकांचा हक्क संपला म्हणजे मोकळीक झाली. कायद्याची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे भारतात साठ वर्षे, ऑस्ट्रेलियात सत्तर. ती संपली की पुस्तक कोणीही छापावे. पण ते 'मी लिहिले' असे म्हणण्याचा परवाना कोणत्याही मुदतीनंतर मिळत नाही. मालकी संपते, कर्तेपण संपत नाही.

मग लेखकाने नेमके करावे तरी काय? काम फारसे अवघड नाही. दुसऱ्याची वाक्ये तशीच घेतली तर अवतरणचिन्हात घालावी आणि लेखक, पुस्तक, साल व पान द्यावे. वाक्ये बदलून घेतली तरी नाव द्यावेच. शब्दांची उलटापालट केल्याने विचार आपला होत नाही. इंग्रजी किंवा हिब्रूवरून भाषांतर केले असेल तर तसे म्हणावे. मूळ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर त्या दुसऱ्याचे नाव सांगावे. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, ह्याला संदर्भ लागत नाही. पण पूर्वज कोणत्या साली नवगावला उतरले ह्याला नक्कीच लागतो. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी वाटही आखलेली आहे. बेंजामिन जे. इस्राएल ह्यांचे 'द बेने इस्राएल ऑफ इंडिया : सम स्टडीज' १९८४ साली निघाले, शर्ली इसेनबर्ग ह्यांचा मोठा ग्रंथ १९८८ साली. इसेनबर्गबाईंनी तर आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच तो साधनग्रंथ असल्याचे सांगितले आहे. तो वाचून आपण साधने विसरावी हे बरे नव्हे.

संपादकांनाही एक विनंती आहे. जागेच्या अडचणीमुळे लेख कापावा लागतो तेव्हा पहिली कात्री बहुधा संदर्भांवर चालते. त्याऐवजी विशेषणांवर चालवावी. 'आपल्या थोर व गौरवशाली समाजाचा उज्ज्वल इतिहास' ह्या शब्दांच्या जागेत केहीमकरांचे नाव, पुस्तक आणि साल सहज मावते.

तालमूदात एक सुंदर समजूत आहे. दिवंगत विद्वानाचे वचन ह्या जगात कोणी त्याच्या नावाने उच्चारले की कबरीत त्याचे ओठ हलतात. ही समजूतही तेथे निनावी दिलेली नाही. रब्बी योहानान ती रब्बी शिमोन बार योहाय ह्यांच्या नावाने सांगतात. ज्या केहीमकरांनी १८९७ साली लेखणी खाली ठेवली आणि ज्यांना आपले छापील पान पाहायला मिळाले नाही, त्यांच्यासाठी आपल्याला एवढे नक्की करता येईल. पुढच्या पुरीमच्या किंवा पेसाहच्या अंकासाठी जे बंधुभगिनी समाजाच्या इतिहासावर लिहायला बसतील, त्यांनी आपल्या पहिल्या पानावर, जेथे नवगावचा किनारा येतो तेथेच, ही हकीकत आपल्याला कोणी सांगितली ते लिहावे. पुस्तक असेल तर पुस्तक, आजी असेल तर आजी.